सूचक मी, अनुमोदक पाहिजे

ती. ताईस,

झेंड्याचा नमस्कार. साष्टांग घालायचं मनात होतं, पण गुडघ्यांनी परवानगी दिली नाही. कमरेतून जमलं तेवढा वाकलो आहे, उरलेलं तू धरून चाल. तुझी पाठ कशी आहे? भावोजींची साखर आटोक्यात आहे की अजून चोरून खातात? मुलीची परीक्षा झाली असेल. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, त्यावर विश्वास ठेवायची रीत नाही. काकू बऱ्या आहेत, म्हणजे दिवसभर मला बोलतात. माझी बायको बरी आहे, म्हणजे काकू दमल्या की ती बोलते. आणि काका बरे नाहीत. तू ये असं मी म्हणत नाहीये. तुझं नि त्यांचं काय ते तुमचं तुम्ही जाणा, मी चुलत भाऊ, मी मध्ये पडणार नाही. हे पत्र केवळ आपल्या फुटबॉल पंच मंडळाच्या घटनादुरुस्तीचा वृत्तांत कळावा म्हणून लिहीत आहे.

तरी काकांचं दोन ओळींत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्यांची फुप्फुसं गेली. पुढच्या खोलीत खिडकीपाशी पलंग टाकलाय, उशाशी प्राणवायूची टाकी, नाकात नळी. डॉक्टर आधी आम्हाला बाहेर जिन्यात बोलावून हळू आवाजात सांगायचे, आता पलंगाशेजारीच मोठ्याने सांगतात. यावरून काय ते समज. काकांना स्वतःला त्याचं फार काही नाही. त्यांची एकच इच्छा आहे, की जायचं ते मंडळाचा सभासद म्हणून जायचं. जुन्या घटनेतलं शेवटचं कलम तुला आठवत असेल (घटना त्यांनीच लिहिली, तेव्हा तुझ्या बालपणी गोष्टींऐवजी तीच वाचून दाखवली असणार): सभासद वारला की बाकीच्यांनी काळ्या पोशाखात दाराशी उभं राहायचं, सर्वांत ज्येष्ठाने एक लांब शिट्टी द्यायची आणि मग उचलायचं. आजवर जितके गेले तितक्यांची शिट्टी काकांनीच दिली. आता आपली कोण देणार एवढीच त्यांना काळजी होती. होती म्हणतो, कारण आता तो प्रश्नच मिटलाय. काका सभासद राहिलेले नाहीत. आम्ही त्यांना काढलं. मुद्दाम नाही गं, घटनादुरुस्ती करता करता.

त्याचं झालं असं. वरच्या महासंघाकडून पत्र आलं की तुमची घटना जुनाट आहे, नव्या नमुन्याप्रमाणे बदला, नाहीतर मान्यता काढून घेऊ. आता मान्यता असून आपल्याला कोण विचारतंय हा भाग वेगळा. तरुण पंच कधीच फुटून नव्या संघात गेले. त्यांच्याकडे कानात घालायची यंत्रं आहेत, अंगावर पिवळे-हिरवे शर्ट आहेत. आपल्याकडे उरलो आम्ही सातजण आणि काका. तरीही मान्यता जाणार म्हटल्यावर सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं, आणि लगेच घटनादुरुस्ती समिती नेमली. समितीत सातही जण, म्हणजे काका सोडून अख्खं मंडळ. अध्यक्ष म्हणून आपले दातांचे डॉक्टर. त्यांचा गुडघा माझ्याहून वाईट, मैदानात उतरून त्यांना जमाना झाला, पण त्यांच्या दवाखान्यात बसायची खोली मोठी आहे आणि खुर्च्या फुकट आहेत, एवढ्यावर ते बिनविरोध निवडून आले.

तर बैठक त्या खोलीत. भिंतीवर किडलेल्या दाढेचं रंगीत चित्र, त्याखाली अध्यक्ष. गळ्यात शिट्टी. (काकांची शिस्त. सभेतसुद्धा शिट्टीशिवाय कुणी अध्यक्ष होत नाही. दोघं एकदम बोलले की शिट्टी, चहा आला की शिट्टी. आतल्या खोलीत दात कोरायचं यंत्र चालू असलं की नेमकं काय वाजतंय ते कळत नाही, पण आपण गप्प बसतो.) महासंघाचा नमुना वाचायचं काम लाल्याकडे. लाल्या तुला माहीत आहे, उभ्या आयुष्यात त्याने जेवढी लाल कार्डं दाखवली तेवढी आम्ही सगळ्यांनी मिळून दाखवली नसतील. एकदा तर त्याने राखीव खेळाडूंसाठी पाणी घेऊन आलेल्या माणसाला बाहेर काढलं होतं. त्या नमुन्यात एक कलम होतं, की ज्या सभासदाने वर्षभरात एकाही सामन्यात पंचाचं काम केलं नसेल त्याचं सभासदत्व आपोआप संपेल, आणि पुन्हा एखाद्या सामन्यात काम केलं तर आपोआप परत मिळेल. लाल्या म्हणाला हे घ्यायचं, मंडळातली मढी साफ होतील. मला एकदम काका डोळ्यांपुढे आले. मी कडाडून विरोध केला. म्हणजे उठून उभा राहिलो आणि अध्यक्षांनी शिट्टी दिल्यावर खाली बसलो.

मतदान झालं. बाजूने तीन हात, विरोधात तीन. बरोबरी झाली तर अध्यक्ष आमच्या बाजूने मत देणार हे नक्की होतं, कारण मढ्यांत त्यांचाच पहिला नंबर. पण अध्यक्षांनी बाजूचे हात मोजले ते चार. तीन आमच्यातले, आणि चौथा कोपऱ्यात गाल धरून बसलेल्या एका पेशंटचा. त्या बिचाऱ्याचा गाल टम्म सुजला होता, तोंड उघडत नव्हतं, आणि आपला नंबर कधी येणार हे विचारायला त्याने हात वर केला होता. अध्यक्षांचा चष्मा आत यंत्रापाशी राहिला होता. त्यांनी हात पाहिला, शिट्टी दिली, मंजूर. मी ओरडायला तोंड उघडतो न उघडतो तोच लाल्याने पुढचं कलम वाचायला सुरुवात केली. आणि तिथेच सगळं संपलं.

का संपलं हे तुला वेगळं सांगायला नको. खेळ पुन्हा सुरू झाला की पंचाला आधीचा निर्णय बदलता येत नाही. मैदानावरचा नियम. काकांनी तो जसाच्या तसा घटनेत घातलाय, पहिलं कलम, 'हा नियम सभेलाही लागू राहील' या पुस्तीसकट. दुसऱ्या कुठल्याही संस्थेत, शिंप्यांच्या म्हण, वकिलांच्या म्हण, अध्यक्षांनी 'चुकलं बुवा' म्हणून पुन्हा मोजलं असतं. आमच्यात तसं करायची कुणाची छाती होईना. लाल्या पुढच्या कलमाचं पहिलं वाक्य वाचून थांबला होता. सहाजण आ वासून त्याच्याकडे बघत होते, आणि तो स्वतः पाहत होता त्या पेशंटकडे. मग अध्यक्ष सावकाश म्हणाले, "खेळ सुरू झालाय." पेशंटला आत घेतलं, त्याची दाढ काढली, आणि अध्यक्षांनी रागाने काढली असं मला वाटतं, कारण तो फार ओरडला.

खरी गंमत चहाच्या वेळी लक्षात आली. (गंमत म्हणायची आपली.) आमच्यातल्या ड्रिलमास्तरांनी कप तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. म्हणाले, वर्षभरात मीही कुठे काम केलेलं नाही. मग एकेकाने आठवायला सुरुवात केली. अध्यक्षांचा गुडघा. मोटार शिकवण्याच्या शाळेच्या मालकांचा मोतीबिंदू. उरलेल्या दोघांना कुणी बोलावलंच नव्हतं. आणि लाल्या, ज्याने हे सगळं आणलं, तो गेलं अख्खं वर्ष एका प्रशिक्षकाच्या श्रीमुखात दिल्याबद्दल निलंबित होता. म्हणजे कलम मंजूर झाल्या क्षणी खोलीतली सहा माणसं मंडळातून बाद झाली होती आणि तरी बिस्किटं खात होती. वर्षभरात मैदानावर उभा राहिलेला मी एकटा. नव्या संघाच्या मुलांना लाइनमन कमी पडला की ते मला बोलावतात, तेवढ्या पुण्याईवर मी आता अध्यक्ष, सचिव आणि सर्वसाधारण सभा आहे. डॉक्टरांनी त्यांच्याच खोलीत मला विचारलं, बसू का? मी म्हटलं बसा, आता काय. ताई, ते ज्या तऱ्हेने खुर्चीच्या कडेवर बसले ना, ते बघून मला हसू आलं नाही.

घरी येऊन काकांना सांगायचं कसं म्हणून मी मूग गिळून बसलो होतो. पण त्यांनी चेहऱ्यावरून ओळखलं आणि सगळं काढून घेतलं. पेशंटचा हातसुद्धा. मला वाटलं होतं चिडतील. त्यांनी फक्त विचारलं, पुढचं कलम वाचायला घेतलं होतं का? मी म्हटलं, एक वाक्य. मग ते खिडकीकडे बघत राहिले आणि म्हणाले, मग निर्णय बरोबर आहे. त्या दिवशी ते जेवले नाहीत. काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावून घेऊन जे काही ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, की हा माणूस साठ वर्षं शिट्टीसाठी जगला, त्याला तुम्ही लोकांनी बिनशिट्टीचा करून ठेवलात. आणि त्या रडल्या. काकूंना रडताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मी भांडी विसळायला घेतली.

पण मी हार मानणारा नव्हे. कलमातच तोड होती, एका सामन्यात काम करा आणि परत या. म्हटलं काकांना सामना देऊ. मोटार शाळेच्या मालकांनी आपल्या शिकवणाऱ्यांचा एक संघ उभा केला, दुसरा इस्पितळातल्या वॉर्डबॉय लोकांचा (त्यातले चौघे काकांना ओळखत होते, चढवणं-उतरवणं तेच करायचे). मैदान मोठ्या मिनतवारीने एका संध्याकाळपुरतं मिळालं, कारण दुसऱ्या दिवशीपासून नवं गवत लावायला ते उकरणार होते. पंच काका. लाइनमन मी आणि लाल्या. लाल्याला घेतलं कारण तोच आदल्या दिवशी घरी येऊन दारात उभा राहिला, आत यायला धजेना, आणि काहीतरी काम द्या म्हणाला. काकांच्या डॉक्टरांना आम्ही विचारलं नाही. काकूंना विचारलं. त्या आत गेल्या आणि काकांचा काळा पोशाख इस्त्री करून घेऊन आल्या. तो त्यांना इतका मोठा झालाय की मागून पिना लावाव्या लागल्या.

चाकाच्या खुर्चीतून नेलं, टाकी मागच्या पिशवीत. मधल्या वर्तुळाशी खुर्ची उभी केली तर चाकं मातीत रुतली, ती वॉर्डबॉयांनी उचलून सरळ केली. काकांनी दोन्ही कप्तानांना बोलावलं, नाणं उडवलं, गोलरक्षकाचे मोजे खाली होते ते वर करायला लावले. मला क्षणभर वाटलं, जमलं. मग त्यांनी नाकातली नळी बाजूला केली आणि शिट्टी तोंडाला लावली. ताई, शिट्टी वाजली नाही. छाती वर गेली, गाल फुगले, नुसती हवेची सुरसुर आली आणि खोकला. पुन्हा लावली. पुन्हा तेच. बावीस माणसं ताटकळत उभी, कुणी पाय हलवेना. तिसऱ्यांदा त्यांनी शिट्टी ओठांना लावली तेव्हा मोटार शाळेच्या कप्तानाने, भला माणूस, ती वाजली असं धरलं आणि चेंडू ढकलला. सगळे धावायला लागले. लाल्या तर झेंडा घेऊन वेड्यासारखा पळत सुटला. मीही पळालो. आणि काकांनी हात वर केला. सरळ, ताठ, तसाच, जसा ते करायचे. सगळे थांबले. म्हणाले, शिट्टी झालेली नाही, सामना सुरू झालेला नाही. मी जवळ जाऊन म्हटलं, काका, कुणाला काय कळणार आहे? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी पाचावर धारण बसली. मग नळी नाकात घातली आणि म्हणाले, घरी चला.

मैदान आता उकरून ठेवलंय. दुसरं मैदान नव्या संघाच्या हातात, तिथे तारीख मिळेपर्यंत महिना जाईल, आणि डॉक्टर महिन्याची भाषा करत नाहीत. तात्पर्य, मंडळाचा कारभार माझ्या एकट्याच्या हाती सुरळीत चालू आहे. परवा मी सभा घेतली. गणपूर्ती झाली. मी मांडलेला ठराव असा, की संस्थापकाला हे कलम लागू नाही. विरोध कुणी केला नाही. पण मंजूरही झाला नाही, कारण सूचक आणि अनुमोदक दोन वेगळे सभासद लागतात, आणि आरशात बघून हात वर करणं काकांना चालणार नाही.

असो. फार लांबलं. वृत्तांत कळावा एवढाच हेतू होता. भावोजींना नमस्कार, मुलीला आशीर्वाद, आणि त्यांचा साखरेचा डबा लपवून ठेव.

तुझा धाकटा,
झेंड्या

ता. क. राहिलंच. तू अजून सभासद आहेस. राजीनामा तू कधी दिला नाहीस आणि नाव कुणी कमी केलं नाही. आणि तिकडे तू शाळेच्या मुलींचे सामने घेतेस, त्याचे फोटो काकूंच्या मोबाइलवर येतात, म्हणजे नवं कलमही तुला लागत नाही. तेव्हा मंडळात सध्या दोन माणसं आहेत, एक मी आणि एक तू. अनुमोदक म्हणून तू पाहिजेस. अनुमोदकाने समक्ष हजर राहिलं पाहिजे असा नियम आहे, माझा नाइलाज आहे.

ता. क. २. हे मला स्वतःला सुचलेलं नाही, खोटं कशाला बोलू. काकांनी सांगितलं. मी ठरावाचं रडगाणं गात होतो, तर ते डोळे मिटूनच म्हणाले, अनुमोदक आहे, तिचं नाव मी काढू दिलेलं नाही. मला वाटलं झोपले. तर बोलायला लागले ते त्या अंतिम सामन्याचं. तू ऑफसाइडचा झेंडा वर केला होतास आणि त्यांनी गोल दिला, तो सामना. लोकांनी तुझ्यावर बाटल्या फेकल्या, पेपरात तुला आंधळी म्हटलं आणि घरी येऊन ते जेवायला बसले, तो. म्हणाले, झेंडा मी पाहिला होता, पण पाहीपर्यंत खेळ सुरू झाला होता. मी म्हटलं, नियमच तो. तर म्हणाले, मैदानावर होता. सामना संपल्यावर बाहेर येऊन 'पोरीचं बरोबर होतं' एवढं बोलायला कुठलं कलम आड येत होतं, ते इतकी वर्षं शोधतोय, सापडलं नाही. हे तुला कळव असं ते म्हणाले नाहीत. कळवू नकोस असंही म्हणाले नाहीत.

ता. क. ३. पत्र काकूंनी वाचलं. त्या म्हणतात, समक्ष हजर राहायचा नियम तू आत्ता मनाने केलास, घटनेत तसं काही नाही. नाहीये. सही टपालाने आली तरी ठराव मंजूर होतो. काका सभासद होतील, उरलेल्या दोघांत ज्येष्ठ तू, पण तू नसलीस की मीच काळ्या पोशाखात दाराशी उभा राहून शिट्टी देईन आणि सगळं कलमाप्रमाणे पार पडेल. म्हणून हात जोडून सांगतो, सही पाठवू नकोस. तू ये. आणि निघताना फोन करू नकोस, फोन त्यांच्या उशाशी असतो, तेच उचलतील आणि गरज नाही म्हणतील.